कडेचा स्टड

केमेल, चावी फिरवू नकोस अजून.
गुरगुरू दे तिला. तीन मिनिटं.
तेवढ्यात हात शेक, मी चहा ओतते,
मीठ कमी वाटलं तर सांग.

थंडीत टिकटिकते आणि तापली की गप्प होते,
आपोआप बरी होते, म्हणतोस.
बरी कसली. लोखंड फुगतं, फट झाकतं,
फट तिथेच असते.
सहाव्या सिलिंडरच्या कानाशी बघ,
काजळीची जीभ. काळी, कोरडी.

सकाळ. उणे अठ्ठावीस.
मॅनिफोल्ड बाकावर उताणा,
त्यावर वडिलांची सरळपट्टी,
पट्टीमागे विजेरी.
मधे अंधार, दोन्ही टोकांना उजेड.
फीलर गेजचं सगळ्यात जाड पान
बिनबोभाट आत जातं.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात;
याला तर जळूनच पीळ पडला.

तू पंचवीस टन कोळसा घेऊन दोलोन चढतोस.
वर पोचतोस तेव्हा हा रात्री अंधारात दिसेल इतका लाल.
आणि तू काय करतोस?
इंजिन बंद, दार उघडं, सिगारेट.
हेडमधून पाणी फिरतं, ते सावकाश निवतं.
याला पाणी कोण पाजणार?
हा एकटाच लांबतो, एकटाच आखडतो,
केसभर, दोन केस,
आणि कडेचे स्टड त्याच्याबरोबर ओढले जातात
रोज, जाता येता,
एखाद्या सकाळी कुणाला न सांगता तुटेपर्यंत.

म्हणून कडेची भोकं जरा ऐसपैस असतात.
ती चूक नाही. ती हलायला दिलेली जागा आहे.

तीन तुटलेत.
दोन निघाले: बुडख्यावर नट जोडला वेल्डिंगने,
लाल असतानाच मेण लावलं,
मागे, पुढे, मागे, पुढे,
रुसलेल्या खेचराला दारातून काढावं तसे.
तिसऱ्याला ड्रिल.
तिसऱ्याला दुपार गेली.

मघापासून तुला बोलतेय. आता थांबते.
हा शेजारचा नट, न तुटलेला, उजेडात धर.
पिवळा ठिपका दिसतो? तो माझा.
पिवळा म्हणजे घट्ट केला.
एकदा तापवून, पुरता गार करून
पुन्हा तपासला की मी पांढरा लावते.
पांढरा कुठेच नाही.
बाराही नट पुसून पाहिले. नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी, मार्चमध्ये.
टॉर्क पाना त्या भिंतीवर टांगलेला होता, आजच्याच खिळ्याला.
मी साधा पाना घेतला, त्याला हातभर पाइप जोडला
आणि सगळ्या अंगाने आवळत गेले,
कडेपासून, उलट्या क्रमाने,
जणू काही सुटून चाललं होतं.
त्या सकाळी इर्कुत्स्कहून फोन आला होता.
तू पैसे दिलेस, मी मोजलेही नाहीत.

तेव्हा सिगारेट तुझी, पण पाइप माझा.
या खेपेचे पैसे ठेव खिशात.

तोंड घासून सपाट करून आणलंय,
आता पट्टीखाली उजेड नाही, तूच वाकून बघ.
नवे स्टड लांब आहेत, नटांखाली बोटभर नळ्या:
लांब स्टड थोडा ताणला जातो, म्हणून टिकतो.
आट्यांना तांब्याचं ग्रीस.
टर्बोचा टेकूही बसवला, मागच्या कुणीतरी काढून फेकला होता,
सगळं वजन याच्याच मानेवर.
मधून सुरू, मग डावीकडे, मग उजवीकडे,
आधी निम्मं, मग पूर्ण.
पाना कट् म्हणाला की हात काढायचा.
कट् नंतर थोडंसं आणखी,
ते माझ्या वडिलांचं होतं, मग माझं.
या पोराला मी ते शिकवणार नाही.

जा, नदीच्या पुलापर्यंत तापवून आण.
परत आलास की तीन मिनिटं, विसरू नकोस.
मग बंद कर, रात्रभर गार होऊ दे, झोप इथेच,
नमद्याच्या दोन घड्या आहेत त्या कोपऱ्यात.

पांढऱ्या रंगाची डबी पार आळून गेलीय.
स्टोव्हजवळ ठेवली आहे.
सकाळपर्यंत पातळ होईल.